पंधराव्या वर्षी स्लीव्ह शस्त्रक्रिया: एका मुलीचे प्रकरण

स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग कापून काढणे. अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या आमच्या टीमकडे पहिल्यांदा आली तेव्हा ती पंधरा वर्षे चार महिन्यांची होती. वजन १२८ किलो, उंची १६२ सेंटिमीटर, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा) जवळजवळ ४९. टाइप २ मधुमेहाचे निदान होऊन दीड वर्ष झालेले. मेटफॉर्मिनची पूर्ण मात्रा आणि रात्रीचे इन्सुलिन चालू असूनही एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.४. रक्तदाब १३८/८८. यकृताला इजा झाली की वाढणारे एएलटी ९६, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. झोपेच्या तपासणीत तासाला सरासरी २२ वेळा श्वास अडत होता. घरच्यांच्या लेखी ती फक्त 'घोरते'. शाळेत पहिल्या दोन तासांना डुलक्या, आणि वर्षाच्या शेवटी शेवटी निम्मी गैरहजेरी.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा अनेक मुलामुलींच्या बाबतीत जे घडते ते एका मुलीच्या कहाणीत गुंफले आहे. तपासण्यांचे आकडे आणि घटनाक्रम दवाखान्यात नेहमी दिसतात तसेच ठेवले आहेत. अभ्यासांचे आकडे मात्र प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतलेच आहेत.

जुनी फाइल

आईने पिशवीतून फाइल काढली. तिच्यातला बाराव्या वर्षीचा कागद माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. वजन ९२, उंची १५५, बीएमआय ३८. खाली सल्ला: आहार, व्यायाम, सहा महिन्यांनी दाखवणे. तोंडी सांगितलेली गोष्ट कागदावर नव्हती, पण आईला ती शब्दन्‌शब्द आठवत होती. "वयात आली की आपोआप बारीक होईल."

मुलांच्या बाबतीत बीएमआयचा नुसता आकडा पाहून चालत नाही, तो वय आणि लिंगानुसार आलेखावर मांडावा लागतो. ९५व्या पर्सेंटाइलच्या वर गेले, म्हणजे आलेखातल्या त्याच वयाच्या शंभरांपैकी ९५ मुलांपेक्षा बीएमआय जास्त असला, की लठ्ठपणा. त्या रेषेच्या १२० टक्क्यांपासून पुढे तीव्र लठ्ठपणाचा दुसरा वर्ग, १४० टक्क्यांपासून तिसरा. बारा वर्षांच्या मुलीसाठी ही ९५ची रेषा पंचविसाच्या आसपास असते. म्हणजे ३८ बीएमआयची ही मुलगी त्या दिवशीच १४० टक्क्यांच्या पलीकडे होती. इतक्या वर गेलेली मुले आपोआप खाली येण्याची शक्यता फार थोडी. तरीही घराघरांत आणि बऱ्याच दवाखान्यांत हे वाक्य अजून सर्रास ऐकू येते, कारण ते ऐकायला गोड आणि सांगायला सोपे आहे.

तीन वर्षांत कुटुंब स्वस्थ बसले होते असे मुळीच नाही. दोन आहारतज्ज्ञ झाले, पोहण्याचा वर्ग झाला, एका सुट्टीत तर बाबा रोज पहाटे तिच्याबरोबर चालायला जात. दर वेळी चार-पाच किलो उतरत आणि शाळा सुरू झाली की सहा-सात चढत. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की वर्तनाधारित उपचार परिणामकारक व्हायला तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तासांचा प्रत्यक्ष संपर्क लागतो. या मुलीला तीन वर्षांत तज्ज्ञांचा सगळा मिळून जेवढा वेळ मिळाला, तो चार-पाच तासांच्या वर जात नव्हता. मग 'प्रयत्न करून झाले, उपयोग नाही' या वाक्यात प्रयत्न कोणाचे कमी पडले, हा प्रश्न उरतोच.

औषधही झाले होते. सेमाग्लुटाइड हे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन बारा वर्षांवरील मुलांसाठी अमेरिकेत २०२२च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाले. त्यामागच्या २०१ मुलांच्या चाचणीत ६८ आठवड्यांत बीएमआय सरासरी १६ टक्क्यांनी उतरला होता. सरासरी म्हणजे कोणाचा फार उतरला, कोणाचा जेमतेम. हिचे वजन दहा महिन्यांत १३१ वरून १२२ वर आले. मळमळ आणि उलट्यांमुळे मात्रा वाढवता आली नाही, शेवटी औषध थांबवावे लागले, आणि चार महिन्यांत काटा १२८ वर.

वजन सहा-सात वर्षांच्या पुढे वाढू लागले होते, बौद्धिक वाढ नीट होती, दृष्टीचा किंवा मूत्रपिंडाचा दोष नव्हता. तरीही भूक नियंत्रित करणाऱ्या जनुकांची तपासणी केली. ती निर्दोष निघाली. पाच वर्षांच्या आतच वजन भरमसाट वाढले असेल आणि भूक भागतच नसेल, तर ही तपासणी शस्त्रक्रियेचा शब्द उच्चारण्याआधी व्हायला हवी. भूक आवरणाऱ्या लेप्टिनचा ग्राहक किंवा पीओएमसी या जनुकांतल्या काही दुर्मीळ दोषांवर सेटमेलॅनोटाइड नावाचे नेमके औषध आहे, आणि तिथे पोट कापण्याची घाई अन्यायाची ठरेल.

ती एकटी बोलली तेव्हा

टीमचा एक नियम आहे: पहिल्या भेटीत मुलाशी किंवा मुलीशी आईबाबांना बाहेर बसवून बोलायचे. मानसशास्त्रज्ञ ताईंनी तिला विचारले, "हे ऑपरेशन कोणाला हवंय?"

"आईला." मग थोडा वेळ थांबून, "मलाही हवंय. पण वेगळ्या कारणासाठी."

"काय कारण?"

"जिन्यात मैत्रिणी माझ्यासाठी थांबतात. आणि थांबल्याच नाहीत असं दाखवतात. बुटाची लेस बांधतात, मोबाइल बघतात. मला ते नको झालंय."

वजनाच्या शस्त्रक्रियेची पात्रता ठरवणाऱ्या कोणत्याही तक्त्यात लेस बांधणाऱ्या मैत्रिणीला रकाना नाही. पण मुलीला नेमके काय हवे आहे ते अशा वाक्यांतून कळते. 'बारीक व्हायचंय' एवढेच उत्तर आले असते तर आम्हांला जास्त काळजी वाटली असती, कारण त्या अपेक्षेला तळ नसतो.

दुसऱ्या भेटीत तिला कागद-पेन्सिल देऊन सांगितले, आता तू आम्हांला समजावून सांग, काय करणार आहेत. तिने जठराचे चित्र काढले, उभी रेघ मारली, डावीकडचा मोठा भाग खोडला. मग विचारले, "हा परत येणार नाही ना?" नाही, असे उत्तर मिळाले. आई दचकली. आईला वाटत होते, नको झाले तर पुढे उघडता येईल. तीन माहितीपत्रके वाचून सही करायला तयार असलेल्या आईपेक्षा मुलीला शस्त्रक्रिया अधिक नेमकी कळली होती. कायद्याने सही पालकांची. मुलीचा होकार मात्र वेगळा नोंदवायचा असतो, आणि तिने नकार दिला असता तर पालकांच्या सहीला आम्ही किंमत दिली नसती.

त्याच एकांतात रात्रीच्या खाण्याचा विषय निघाला. सगळे झोपले की ती स्वयंपाकघरात जायची, उभ्याउभ्या खायची, आणि रिकामी पाकिटे दप्तरात लपवून सकाळी शाळेच्या कचरापेटीत टाकायची. हे आईला माहीत नव्हते. पोहण्याच्या वर्गाच्या दिवसांतही हे चालू होते.

बैठकीतला वाद

बैठकीत पाच जण: शल्यचिकित्सक, मुलांचे अंतःस्राव तज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ. पात्रतेवर दुमत नव्हते. अमेरिकेतल्या बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजनाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या, शल्यचिकित्सकांच्या संघटनेचे २०१८चे निकष जगभर वापरले जातात: बीएमआय ३५ किंवा ९५व्या पर्सेंटाइलच्या १२० टक्के आणि सोबत गंभीर आजार, अथवा बीएमआय ४० किंवा १४० टक्के, आजार असो वा नसो. हिच्या वयाची रेषा २८च्या आसपास. ही त्या रेषेच्या १७० टक्क्यांच्याही वर, शिवाय मधुमेह, झोपेतला श्वासरोध आणि यकृत.

वाद होता तो वेळेवरून. एक मत असे की अठरा पूर्ण होऊ द्यावीत, तिचे तिलाच ठरवता येईल. हे ऐकायला फार न्याय्य वाटते. पण त्या अडीच वर्षांत शरीर थांबून राहणार नव्हते. कुमारवयात आलेला टाइप २ मधुमेह प्रौढांपेक्षा आक्रमक असतो. अमेरिकेतल्या 'टुडे' या अभ्यासात नुसत्या मेटफॉर्मिनवर ठेवलेल्या निम्म्याहून अधिक मुलांची साखर हाताबाहेर गेली, आणि अभ्यासातली सगळी मुले वयाच्या पंचविशी-सव्विशीत आली तोवर त्यांच्यातल्या सुमारे ६० टक्क्यांत डोळे, मूत्रपिंड किंवा मज्जातंतू यांपैकी कशाला तरी इजा झालेली होती.

याच्या शेजारी शस्त्रक्रिया झालेल्या कुमारांचा 'टीन-लॅब्स' हा अभ्यास ठेवून बघावा. २००७ पासून अमेरिकेतल्या पाच केंद्रांवर २४२ कुमारांची शस्त्रक्रिया नोंदवून त्यांचा पाठपुरावा झाला. सरासरी वय १७, सरासरी बीएमआय ५३. तीन वर्षांनी वजन सरासरी २७ टक्के कमी, आणि ज्यांना मधुमेह होता त्यांच्यातल्या ९५ टक्क्यांचा मधुमेह माघारी गेलेला. पाच वर्षांनी बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) झालेल्या कुमारांची तुलना तीच शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढांशी केली. वजन दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच उतरले, पण मधुमेह माघारी गेला तो कुमारांत ८६ टक्क्यांत आणि प्रौढांत ५३ टक्क्यांत. किलो सारखेच उतरून फरक एवढा, कारण स्वादुपिंड किती वर्षे दमलेले आहे यावर ते पुन्हा उभे राहणे अवलंबून असते. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. त्यांत बीएमआय मूळच्यापेक्षा सरासरी २० टक्के कमी राहिलेला आणि मधुमेह ५५ टक्क्यांत अजून माघारी. ९५ वरून ५५ म्हणजे घसरणच, ती लपवू नये. पण औषधांवर दहा वर्षे काढलेल्या मुलांच्या तुलनेत ती कुठे आहे तेही पाहावे.

दुसरा मुद्दा शल्यचिकित्सकांनी फळ्यावर साध्या गुणाकाराने मांडला. या शस्त्रक्रियांत वजनाचा ठरावीक टक्का उतरतो, ठरावीक किलो नव्हे. त्यामुळे सुरुवात जिथून होते त्यावरच मुक्काम ठरतो. बीएमआय ३८ वरून तीस टक्के उतरला तर सत्तावीस. ४९ वरून उतरला तर चौतीस. ५५ वरून अडतीस. अठराव्या वर्षापर्यंत थांबायचे म्हणजे बहुधा ५५ वरून सुरुवात करायची.

मानसशास्त्रज्ञ ताईंचा विरोध वेगळा होता आणि तो मला अधिक वजनदार वाटला. रात्रीचे चोरून खाणे तसेच ठेवून जठर लहान केले, तर खाण्याचा आधार जाईल आणि त्याजागी काहीच नसेल. शस्त्रक्रियेने मन आपोआप सुधारते हा समज आहे. स्वीडनमध्ये कुमारांचा पाच वर्षे पाठपुरावा केला तेव्हा वजन उतरूनही मानसिक उपचारांची गरज काही कमी झालेली दिसली नाही.

तोडगा असा निघाला: तीन महिने आधी रात्रीच्या खाण्यावर आणि उदासीवर उपचार, पण शस्त्रक्रियेची तारीख त्याच दिवशी ठरवायची. त्या तीन महिन्यांत वजन उतरवून दाखवण्याची अट नाही. ही अट पुष्कळ ठिकाणी अजून घालतात. ज्या आजारासाठी मूल आले आहे तोच आजार स्वतः बरा करून दाखव, मग उपचार करू, असा तिचा अर्थ होतो.

कोणती शस्त्रक्रिया

जठराभोवती पट्टा बसवण्याचा काळ मागे पडला. अमेरिकेत तो अठरा वर्षांखाली कधी मंजूरच झाला नव्हता. उरले दोन पर्याय. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. मधुमेह आणि छातीतली जळजळ यांच्यावर तिचा परिणाम अधिक चांगला, पण लोह, कॅल्शियम आणि बी१२ शोषले जाण्याचा मार्गच बदलतो. स्लीव्हमध्ये जठराचा डावीकडचा फुगीर भाग, साधारण तीन-चतुर्थांशाहून अधिक, स्टेपलरने कापून काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी. आतडे जागच्या जागी राहते. कापलेल्या भागात भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक सर्वांत जास्त तयार होते, म्हणून भूकही मंदावते. तोटा म्हणजे काहींना आम्लपित्ताचा त्रास नव्याने सुरू होतो किंवा असलेला बळावतो.

हिला जळजळ नव्हती. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होता, लोह आधीच काठावर होते, आणि गोळ्या नेमाने घेईल याची खात्री कोणालाच नव्हती. यावरून स्लीव्ह ठरली. शरीराची वाढ पूर्ण झाली आहे का, हाडांचे वय किती, हे पूर्वी अडसर मानले जाई. २०१८च्या निकषांनी ती अट काढून टाकली.

आधी दोन आठवडे द्रव आहार, यकृत आक्रसावे म्हणून. झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारा सीपॅपचा मुखवटा. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, पाच छोट्या छिद्रांतून, दीड-पावणेदोन तास. पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांचे लक्ष नाडीवर, कारण स्टेपलच्या रेषेतून गळती झाली तर तापाच्याही आधी नाडी धावू लागते. तसे काही झाले नाही. इन्सुलिन दुसऱ्या दिवशीच थांबवावे लागले, साखर खाली यायला लागली होती. तिसऱ्या दिवशी ती घरी गेली. शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखे एवढेच. लोकांना सगळ्यात जास्त भीती या दोन तासांची वाटते, आणि बहुतेक वेळा सगळ्यात कमी घडते ते याच दोन तासांत.

सातवा आठवडा

पाचव्या आठवड्यात मऊ घन आहार सुरू झाला आणि ती शाळेत जाऊ लागली. सहाव्या आठवड्यापासून उलट्या. आधी दिवसाआड, मग रोज, मग पाण्याच्याही. घरच्यांना वाटले, ऑपरेशननंतर असे होतच असणार, आणि वजन तर झपाट्याने उतरते आहे. वजनाच्या आनंदात उलट्या झाकल्या गेल्या. दहा दिवस.

आहारतज्ज्ञांचा ठरलेला फोन गेला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न वजनाचा विचारला नाही. "गोळ्या पोटात राहतात का?" राहत नव्हत्या. "पायाला मुंग्या येतात?" आई म्हणाली, तळवे जळतात म्हणते, चालताना झोक जातो, अशक्तपणा असेल. त्याच संध्याकाळी तिला बोलावले. डोळे उजवीकडे वळवायला सांगितले तर बुबुळे बारीक थरथरत होती.

थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. उलट्या सुरू राहिल्या तर तो सर्वांत आधी संपतो, आणि मेंदू व मज्जातंतूंना साखर जाळण्यासाठी तेच लागते. यातला घातक भाग पुढे आहे. दहा दिवस उलट्या झालेले मूल आणीबाणीच्या विभागात आले की हात आपसूक ग्लुकोजच्या सलाइनकडे जातो. थायमिनचा खडखडाट असताना ग्लुकोज दिले तर उरलेसुरले थायमिनही त्यात खर्च होते आणि गोंधळलेपणा, डोळ्यांचा पक्षाघात, तोल जाणे अशी मेंदूची कायमची हानी होऊ शकते. म्हणून शिरेतून थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. रक्ताच्या अहवालाची वाट पाहायची नाही. टीमने आईच्या हातात डिस्चार्जच्या वेळी दिलेल्या कार्डावर हे ठळक छापलेले होते, पण ते कार्ड फाइलमध्ये होते आणि फाइल कपाटात.

बुबुळांची थरथर दोन दिवसांत थांबली. तळव्यांची बधिरता जायला चार महिने लागले.

उलट्यांचे कारण शोधायला दुर्बीण टाकली. नळी अरुंद झालेली नव्हती. कारण मानसशास्त्रज्ञ ताईंना सापडले, तेही वेळापत्रक विचारल्यावर. शाळेची मधली सुट्टी वीस मिनिटांची. हिला डबा संपवायला तीस-पस्तीस मिनिटे लागणार, प्रत्येक घास पुरेसा चावून. शिवाय जेवताना पाणी नाही. वर्गातल्या मुली बघत असत, म्हणून ती भराभर गिळायची आणि घास अडकला की वरून पाणी प्यायची. शाळेला एक पत्र दिले: हिला दोनदा अर्धा अर्धा तास बसून खायला परवानगी द्यावी, वेगळी खोली मिळाली तर उत्तम. उलट्या थांबल्या. लाखमोलाची दुर्बीण एकीकडे आणि हे चार ओळींचे पत्र एकीकडे. तेव्हापासून ते पत्र टीम शस्त्रक्रियेच्या आधीच शाळेला पाठवते.

पहिली दोन वर्षे

सहा महिन्यांनी १०१ किलो. वर्षाने ९०, बीएमआय ३४. एचबीए१सी ५.६, तेही कोणत्याही औषधाविना. श्वास अडण्याचे प्रमाण तासाला चारवर आले, सीपॅप सुटला. एएलटी आणि रक्तदाब दोन्ही पूर्ववत. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने औषध दिले होते, ते बंद झाले.

याच टप्प्यावर एक नातेवाईक म्हणाले, "एवढं करून नव्वदच?" तक्त्यात पाहिले तर त्यांचे बरोबर होते, ३४ म्हणजे अजून लठ्ठपणाच. मधुमेह नसलेली, रात्रभर झोपणारी, शाळेत न चुकता जाणारी मुलगी तक्त्यात दिसत नाही. पण जी बोच राहते ती खरी आहे. बाराव्या वर्षी बीएमआय ३८ असताना नीट उपचारांची वाट धरली असती, तर कदाचित शस्त्रक्रिया लागलीही नसती. लागली असती तरी मुक्काम वेगळा असता.

दुसरे वर्ष मनाने जड गेले. पहिल्या वर्षी दर महिन्याला काटा उतरतो, लोक कौतुक करतात. मग काटा थांबतो, कौतुकही थांबते. पोटाची आणि दंडांची कातडी लोंबू लागली होती, घामाने तिथे पुरळ येई. हे आधी सांगितले होते, फोटोही दाखवले होते, तरी आरशातले वेगळे. उदासी परतली, पण या वेळी ताईंचा नंबर तिच्याकडे होता आणि तिने स्वतः फोन केला. आधीच्या तीन महिन्यांचे खरे फलित मी हे मानते.

आईला बाहेर बसवून आणखी दोन विषय बोलून झाले होते. वजन उतरले की पाळी नियमित होते आणि गर्भधारणेची शक्यता वाढते, निदान पहिले वर्ष-दीड वर्ष ती टाळायला हवी. आणि दारू: स्लीव्ह झालेल्या पोटातून ती फार झटकन रक्तात चढते, मित्रमैत्रिणींच्या एका पेल्याबरोबर हिचा एक पेला मोजता येत नाही. सोळाव्या वर्षी हे का सांगता, असे आईने नंतर विचारले. अठराव्या वर्षी ती आपल्यासमोर नसेल म्हणून.

अठरावे वर्ष

आणि ती खरेच समोर नव्हती. शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेली. मुलांच्या विभागातली नोंद वयामुळे बंद झाली, प्रौढांच्या विभागात नवी नोंद व्हायची होती, ती झाली नाही. चौदा महिने कोणीच रक्त तपासले नाही. थकवा, धाप, केस गळणे घेऊन ती आली तेव्हा हिमोग्लोबिन ८.९, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ६, बी१२ कमी.

गोळ्यांचे काय झाले? आधी ती लोह आणि कॅल्शियम दोन्ही सकाळी एकदम घ्यायची, लक्षात राहावे म्हणून. कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही, दोघांत निदान दोन तासांचे अंतर हवे. मग पोट दुखते म्हणून लोह बंद. मग 'आता बरी आहे' म्हणून सगळेच बंद. यात ती काही जगावेगळी नाही. टीन-लॅब्समध्ये तीन वर्षांनी ५७ टक्के मुलामुलींत लोहाचा साठा कमी होता. त्यातले बरेच जण बायपासचे होते हे खरे, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या कोणत्याही निरोगी मुलाला रोज चार गोळ्या आयुष्यभर घे म्हणून सांगून पाहावे.

मला यात दोष तिचा कमी आणि आमच्या दोन विभागांमधल्या दाराचा जास्त वाटतो. मुलांच्या विभागात आईला फोन जातो, तारीख ठरते, आहारतज्ज्ञ मागे लागतात. प्रौढांच्या विभागात रुग्णाने स्वतः यायचे असते. सोळाव्या वर्षीच तिला आपली तारीख आपण घ्यायला, अहवाल आपण वाचायला शिकवायला हवे होते, आणि निदान एक भेट दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायला हवी होती. आता टीममध्ये तशी पद्धत आहे. तिला लोह शिरेतून दिले, बी१२ची इंजेक्शने सुरू केली, पाळीतल्या रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. वजन ९६ होते. सहा किलो परत आले आहेत, साखर मात्र अजून जागेवर. आणखी चढले तर इंजेक्शनचे औषध कमी मात्रेत पुन्हा सुरू करून पाहायचे ठरले आहे. एके काळी तिला न सोसलेले औषध आता सोसेल का, हे देऊनच कळेल. हाडांची घनता मोजायची आहे.

धाकटा भाऊ

त्या भेटीला आई धाकट्याला घेऊन आली होती. अकरा वर्षांचा, बीएमआय ३१. या वेळी आईने फाइल काढायच्या आधीच विचारले, "याचंही ऑपरेशन करावं लागेल का?"

वयाची खालची मर्यादा कुठे, हा प्रश्न वारंवार येतो. बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०२३च्या सूचना तीव्र लठ्ठपणा असलेल्या तेरा वर्षांच्या आणि त्यापुढच्या मुलांना शस्त्रक्रियेच्या मूल्यमापनासाठी पाठवायला सांगतात. शल्यचिकित्सकांच्या निकषांत किमान वय लिहिलेले नाही. सौदी अरेबियात २०१० मध्ये अडीच वर्षांच्या मुलाची स्लीव्ह झाली होती, वजन ३३ किलो, बीएमआय ४१, आणि तो अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर जगभर वाद झाला. त्यातून हे तंत्र इतक्या लहान पोटातही जमते एवढेच सिद्ध होते. अडीच वर्षांचे मूल चित्र काढून 'हा परत येणार नाही ना' असे विचारू शकत नाही, म्हणून मला तो मार्ग पटत नाही.

भावाची साखर काठावर, यकृत ठीक, झोप ठीक. त्याला पुढच्या सहा महिन्यांत आठवड्याला एक तास टीमबरोबर दिला आहे, आई किंवा बाबांपैकी एकाने सोबत यायचे. सहा महिन्यांत बीएमआय वाढतच राहिला तर बारा पूर्ण होताच औषधाचा विचार, आणि तेराव्या वर्षी १२० टक्क्यांच्या वर असून मधुमेह किंवा श्वासरोध दिसला तर पूर्ण टीमची बैठक. हे तिन्ही टप्पे कागदावर लिहून, तारखा घालून, एक प्रत आईला दिली. दुसरी प्रत बहिणीने मागून घेतली.